नवी सेदान घेताना : भाव एका आकड्याचा नव्हे, दहा ओळींचा

पुरुमेंताच्या दिवसांत कांद्याच्या माळेचा भाव म्हापशाच्या बाजारात तीन ठिकाणी विचारून मगच पाकिटाला हात लावणारा गोमंतकीय, पंधरा लाखांची गाडी घ्यायला शोरूममध्ये शिरला की एकदम संकोचतो. वातानुकूलित दालन, समोर आलेला चहा, मुलांच्या हातात दिलेली चॉकलेटे आणि टेबलावर ठेवलेला एक छापील कागद. त्या कागदाच्या तळाशी एक ठळक आकडा असतो. ‘यात किती कमी होईल?’ एवढा एकच प्रश्न विचारला जातो, पाच-दहा हजारांची सूट मिळते आणि घासाघीस संपली असे दोन्ही बाजूंनी मानले जाते. गोव्यासारख्या लहान राज्यात त्यात ओळखीचीही भर पडते. शोरूममध्ये कुणी गाववाला किंवा भाच्याचा मित्र भेटला की ‘आपला माणूस आहे, फसवणार नाही’ या भावनेने कागदाच्या उरलेल्या ओळी वाचल्याच जात नाहीत. ओळखीने पाच हजार सुटतात आणि न वाचलेल्या ओळींतून पन्नास हजार निसटतात.

गाडीची किंमत हा एक आकडा नसून अनेक रकमांची बेरीज असते. त्यातील काही रकमा कायद्याने ठरलेल्या असतात, काही विक्रेत्याने ठरवलेल्या असतात, तर काही केवळ ग्राहक विचारत नाही म्हणून टिकून असतात. रास्त भाव मिळवायचा तर या तिन्हींतला भेद आधी कळायला हवा.

कराचा भाग : येथे घासाघीस नाही

चार मीटरपेक्षा लांब असलेल्या होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस यांसारख्या सेदान आणि त्यांहून वरच्या वर्गातील टोयोटा कॅमरी यांना लहान गाड्यांपेक्षा वेगळा कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराची रचना बदलली. चार मीटरच्या आतील आणि इंजिनाच्या ठरावीक क्षमतेपर्यंतच्या लहान गाड्यांवर १८ टक्के, तर त्याहून मोठ्या पेट्रोल व डिझेल गाड्यांवर ४० टक्के कर आला आणि पूर्वीचा भरपाई उपकर रद्द झाला. त्याआधी १५०० सीसीपर्यंतच्या मोठ्या सेदानवर कर व उपकर मिळून ४५ टक्के भार होता.

याचा अर्थ आकड्यांत पाहावा. समजा, एका सेदानची एक्स-शोरूम किंमत १५ लाख रुपये आहे. त्यात गाडीचे मूळ मूल्य सुमारे १० लाख ७१ हजार आणि कर सुमारे ४ लाख २९ हजार असतो. म्हणजे किमतीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग सरकारचा असतो आणि त्यावर विक्रेत्याचा काहीच अधिकार चालत नाही. उरलेल्या मूल्यातही मोठा वाटा उत्पादक कंपनीचा असतो. विक्रेत्याचा स्वतःचा नफा हा एक-अंकी टक्क्यांत मोजावा इतकाच राहतो. पंधरा लाखांच्या नव्या गाडीवर दोन लाख कमी करण्याची मागणी म्हणूनच सहसा निष्फळ ठरते.

एक्स-शोरूम किमतीनंतर येतो तो रस्ता कर. गोव्यात तो एकरकमी, गाडीच्या किमतीच्या टप्प्यांनुसार टक्केवारीत आकारला जातो. नोंदणी शुल्क केंद्रीय नियमांनुसार हलक्या खासगी वाहनासाठी ६०० रुपये असून गाडी कर्जावर असेल तर कर्जाचा बोजा नोंदवण्याचे १५०० रुपये वेगळे असतात. पसंतीचा क्रमांक हवा असल्यास त्याचे शुल्क निराळे. या सर्व रकमांची वाहतूक खात्याची पावती निघते. दरपत्रकात ‘नोंदणी’ या एका शब्दापुढे गोल आकडा लिहिलेला असेल, तर पावतीवरील रकमेहून अधिक घेतलेले पैसे परत मिळतील का, हे आधीच विचारावे. या एका प्रश्नानंतर तो गोल आकडा बहुधा खाली उतरतो.

दहा लाखांहून महाग गाडीच्या बिलावर विक्रेता एक टक्का आयकर गोळा करतो. तो दहा लाखांवरच्या रकमेवर नव्हे, तर संपूर्ण मूल्यावर असतो. १५ लाखांच्या बिलावर हे १५ हजार रुपये होतात. मात्र हा खर्च नव्हे. पॅन क्रमांक योग्य दिला असेल तर ही रक्कम ग्राहकाच्या नावावर जमा दिसते आणि विवरणपत्र भरताना करातून वळती होते किंवा परत मिळते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या आणि कर लागत नसल्याने विवरणपत्रच न भरणाऱ्या अनेकांचे हे पैसे केवळ माहितीअभावी सरकारकडे पडून राहतात.

विक्रेत्याची कमाई कुठे होते

मूळ गाडीवरील नफा मर्यादित असल्यामुळे विक्रेत्याचे लक्ष कागदाच्या खालच्या ओळींकडे असते. विम्यावरचे कमिशन, कर्ज मिळवून दिल्याबद्दल वित्तसंस्थेकडून येणारा मोबदला, ॲक्सेसरीज, वाढीव हमी, जुन्या गाडीची फेरविक्री आणि ‘हँडलिंग’ या नावाने घेतली जाणारी रक्कम ही त्याची खरी मिळकत असते. यात गैर असे काही नाही, कारण व्यवसायाला जागेचे भाडे आणि माणसांचे पगार असतातच. परंतु वरच्या ओळीत दिलेली सूट खालच्या ओळींतून परत वसूल होत असेल, तर ती सूट उरत नाही.

हँडलिंग शुल्काचे समर्थन बहुधा ‘गाडी गोदामातून आणणे, धुणे, तपासणे’ असे केले जाते. कारखान्यापासून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेलाच असतो आणि गाडी विकण्यायोग्य स्थितीत देणे ही विक्रेत्याची जबाबदारी असते. काही राज्यांच्या परिवहन विभागांनी असे शुल्क घेऊ नये, अशा सूचनाही विक्रेत्यांना दिल्या आहेत. ही ओळ कापून टाकण्याची मागणी शांतपणे, पण ठामपणे करावी. ती मान्य होण्याची शक्यता बरीच असते.

ॲक्सेसरीजचे गणित अधिक बारीक आहे. ‘पन्नास हजारांची सूट देता येणार नाही, पण पन्नास हजारांच्या ॲक्सेसरीज मोफत देऊ,’ हा प्रस्ताव ऐकायला सारखाच वाटतो. प्रत्यक्षात बिलातच ५० हजार कमी केले, तर त्यावरील करही कमी होतो. विक्रेत्याच्या खिशातून सुमारे ३५ हजार ७०० रुपये जातात आणि उरलेले १४ हजार ३०० रुपये कराच्या रूपाने वाचतात. ॲक्सेसरीजवर ५० हजारांची छापील किंमत असली, तरी विक्रेत्याला त्या बऱ्याच कमी दरात पडलेल्या असतात. ग्राहकाला मात्र सीट कव्हर, दरवाजाच्या पट्ट्या आणि सुगंधी कुप्या मिळतात, ज्या त्याने स्वतःहून कदाचित घेतल्याही नसत्या. म्हणून सूट बिलावर मागावी, वस्तूंच्या रूपात नव्हे. बिलाची रक्कम कमी झाली की एक टक्का आयकरही त्या प्रमाणात कमी होतो, हा आणखी एक लाभ.

‘कंपनीनेच सूट देण्यास मनाई केली आहे,’ असेही कधी कधी ऐकवले जाते. याबाबत एक निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. विक्रेत्यांना ठरावीक मर्यादेपलीकडे सूट देण्यापासून रोखल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२१ मध्ये मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. तरी विक्रेत्यांमधील किमतीची स्पर्धा दडपणे हे स्पर्धा कायद्याच्या कक्षेत येते, ही आयोगाची भूमिका त्यातून स्पष्ट झाली.

विमा : सर्वाधिक दुर्लक्षित ओळ

दरपत्रकातील विम्याची रक्कम बहुतेक ग्राहक कराप्रमाणेच अटळ समजतात. ती तशी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. त्याचे दर सरकार ठरवते, त्यामुळे तेथे फरक पडत नाही. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. एकाच गाडीसाठी, एकाच विमामूल्यावर आणि त्याच जोडसंरक्षणांसह दोन कंपन्यांचे हप्ते हजारो रुपयांनी वेगळे असू शकतात.

शोरूममधूनच विमा घेण्याची सक्ती करता येत नाही. विमा नियामकाने २०१७ मध्ये वाहन विक्रेत्यांसाठी आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही ग्राहकाचे हे स्वातंत्र्य मान्य केले आहे. एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची अट घालणे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार प्रतिबंधक व्यापार प्रथा ठरते. बाहेरून दोन-तीन दर मागवावेत आणि ते शोरूमला दाखवावेत. पुष्कळदा शोरूमच आपला दर तेवढ्यावर आणते. तसे झाल्यास तेथेच विमा घेण्यास हरकत नाही. बाहेरचा विमा घ्यायचा असल्यास आपल्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्या कंपनीची कॅशलेस सोय आहे का, हे तपासावे.

तुलना करताना विमामूल्य समान ठेवणे महत्त्वाचे असते. नव्या गाडीचे विमामूल्य सामान्यतः एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के धरले जाते. ते कमी दाखवून हप्ता स्वस्त केला असेल, तर चोरी किंवा संपूर्ण नुकसानीच्या वेळी फटका ग्राहकालाच बसतो. गोव्याच्या पावसाळ्यात रस्त्यावर साचणारे पाणी आणि सेदानची जमिनीपासूनची कमी उंची पाहता इंजिन संरक्षणाचे जोडसंरक्षण मात्र पैसे वाचवण्यासाठी गाळू नये.

जुनी गाडी असलेल्यांसाठी आणखी एक हक्काची रक्कम असते. विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत गाडीची नसून मालकाची असते. सलग पाच वर्षे दावा नसेल तर ती स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत जाते. तो हप्ता ३० हजारांचा असेल तर १५ हजार वाचतात. जुनी गाडी विकल्यावर तिच्या विमा कंपनीकडून या सवलतीचे प्रमाणपत्र घेऊन नव्या विम्यात ते लावता येते. शोरूममध्ये याची आठवण स्वतःहून क्वचितच करून दिली जाते.

जुनी गाडी आणि नवे कर्ज

जुन्या गाडीच्या बदल्यात मिळणारी रक्कम आणि एक्स्चेंज बोनस हे दोन वेगळे आकडे आहेत. ते एकत्र करून सांगितले की फसगत होते. शोरूमने जुन्या गाडीचे ३ लाख २० हजार आणि वर ३० हजार बोनस देऊ केला, तर हाती ३ लाख ५० हजार येतात. तीच गाडी बाहेर ३ लाख ७५ हजारांना जात असेल, तर बोनस सोडूनही २५ हजारांचा फायदा होतो. बाहेर विकताना मालकी हस्तांतराचे नमुना २९ व ३० भरून नोंदणीपत्रावर नाव बदलल्याची खात्री करणे आवश्यक आहे, अन्यथा दुसऱ्याच्या अपघाताची जबाबदारी आपल्या दारी येऊ शकते. ही खटपट नको असेल तर शोरूमचा पर्याय घ्यावा, पण त्या सोयीची किंमत किती पडते हे माहीत असावे. नव्या गाडीची किंमत निश्चित झाल्यावरच जुन्या गाडीचा विषय काढणे श्रेयस्कर.

कर्जाच्या बाबतीत ‘महिन्याला किती भरू शकाल?’ हा प्रश्न सर्वांत धोक्याचा असतो. हप्ता लहान दिसावा म्हणून मुदत वाढवली जाते. १२ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २४,९०० रुपये पडतो. सात वर्षांसाठी घेतले तर तो सुमारे १९,३०० रुपयांवर येतो, पण एकूण परतफेड जवळजवळ सव्वा लाखाने वाढते. व्याजदरातील अर्ध्या टक्क्याचा फरकही पाच वर्षांत साडेसतरा हजारांच्या घरात जातो. ‘फ्लॅट’ दराने सांगितलेले पाच टक्के पाच वर्षांच्या मुदतीत घटत्या शिलकीवरच्या नऊ टक्क्यांहून थोडे अधिकच भरतात. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देणाऱ्या बँका व वित्तसंस्थांना प्रमुख तथ्यांचे विवरणपत्र द्यावे लागते. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर एका आकड्यात दिलेला असतो. तुलना त्याच आकड्याची करावी. आपल्या बँकेकडून मंजुरी घेऊन शोरूममध्ये जाणारा ग्राहक हा रोख ग्राहकाइतकाच भक्कम असतो.

केव्हा जावे, कुणाला विचारावे

विक्रेता गाड्या बहुधा बँकेच्या पैशाने उचलतो. गोदामात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवर व्याज चढत असते. शिवाय महिन्याचे आणि तिमाहीचे लक्ष्य गाठल्यास कंपनीकडून वेगळा लाभ मिळतो. म्हणून महिन्याचा शेवटचा आठवडा ग्राहकाला अनुकूल असतो. एसयूव्हीच्या लाटेत सेदानची मागणी घटलेली असल्याने तेथे सवलतीला जागाही अधिक असते. चतुर्थी, दसरा आणि धनत्रयोदशीला ‘सणाची सूट’ जाहीर होते खरी, पण त्या वेळी ग्राहकांची रांगही असते. त्याउलट पितृपक्षात, आपल्याकडील म्हाळाच्या दिवसांत, शोरूम ओस पडतात आणि अनेकदा तिमाहीअखेरही त्याच सुमारास येते. त्या दिवसांत भाव ठरवून, तो लेखी घेऊन, गाडी दसऱ्याला घरी आणली तर श्रद्धाही राखली जाते आणि पैसाही.

डिसेंबरमधील सवलत मोठी असते, कारण वर्ष बदलताच गाडी ‘गेल्या वर्षीची’ होते. आठ-दहा वर्षे गाडी वापरणाऱ्याला हा सौदा लाभाचा ठरतो. तीन-चार वर्षांत विकणाऱ्याला पुनर्विक्रीत तोटा होतो, तेव्हा सूट त्या तोट्याहून मोठी आहे का, हे पाहावे.

गोव्यात एका कंपनीचे विक्रेते मोजकेच असतात, कधी एकाच मालकाच्या दोन शाखा असतात. त्यामुळे पर्वरी आणि मडगाव येथे वेगळा भाव मिळेलच असे नाही. अशा वेळी बेळगाव किंवा कोल्हापूर येथील दरपत्रक मागवणे उपयोगी पडते. तेथून गाडी घेऊन तात्पुरत्या नोंदणीवर आणता येते, मात्र कायम नोंदणी आणि रस्ता कर गोव्यातच होतो. काही कंपन्या विक्रेत्यांना आपल्या क्षेत्राबाहेर विक्री करू देत नाहीत. परंतु प्रत्यक्ष खरेदी झाली नाही, तरी तो कागद बोलणीत वजन टाकतो. सरकारी कर्मचारी, शिक्षक, बँक कर्मचारी यांच्यासाठी कंपन्यांच्या वेगळ्या सवलती असतात. त्या नावानिशी विचारल्या तरच पुढे येतात.

दोन कागदांची तुलना

समजा, १५ लाखांच्या त्याच सेदानवर पहिला विक्रेता ६० हजारांची सूट देतो आणि दुसरा ४० हजारांची. पहिल्याच्या कागदावर विमा ६८ हजार, हँडलिंग १० हजार आणि ‘आवश्यक किट’ २५ हजार आहे. बेरीज १५ लाख ४३ हजार. दुसऱ्याकडे बाहेरचा विमा ५० हजारांना मान्य आहे, हँडलिंग नाही आणि चटया तेवढ्या ४ हजारांच्या आहेत. बेरीज १५ लाख १४ हजार. रस्ता कर दोन्हीकडे सारखा धरला, तरी कमी सूट देणारा २९ हजारांनी स्वस्त ठरतो. म्हणूनच ‘सूट किती?’ असे न विचारता ‘सगळे धरून, ओळीओळीने, लेखी किती?’ असे विचारावे.

ही मागणी आवाज चढवून करण्याची गरज नसते. समोरचा विक्री प्रतिनिधी पगारी माणूस असतो आणि पुढची काही वर्षे त्याच सर्व्हिस सेंटरशी संबंध राहणार असतो. त्याच्या अधिकाराची मर्यादा संपली की विक्री व्यवस्थापकाशी बोलू देण्याची विनंती करावी. आज निर्णय न घेता कागद घेऊन घरी जाण्याची तयारी हेच ग्राहकाचे खरे बळ.

पैसे भरण्यापूर्वी

बुकिंगच्या पावतीवर दोन गोष्टी असाव्यात : रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल आणि किंमत वाढल्यास कोणता भाव लागू होईल. बहुतेक नमुन्यांत ‘वितरणाच्या दिवशीची किंमत’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. जानेवारीत किमती वाढण्याचा प्रघात पाहता हे वाक्य महागात पडू शकते. ठरलेली सूटही त्याच कागदावर सहीशिक्क्यासह लिहून घ्यावी.

बिल आणि नोंदणी होण्याआधी गाडी प्रत्यक्ष पाहावी. सतरा अक्षरांचा वाहन ओळख क्रमांक आणि निर्मितीचा महिना दरपत्रकाशी जुळतो का, मीटरवर किती किलोमीटर पडले आहेत, टायर व बॅटरी कोणत्या तारखेच्या आहेत, रंगावर ओरखडे आहेत का, पावसाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या तळाशी गंज आहे का, हे दिवसाउजेडी तपासावे. नोंदणी झाली की गाडी ग्राहकाची होते आणि बोलण्याची ताकद तिथेच संपते. वाढीव हमी घेण्याची घाई मात्र करू नये. बहुतेक कंपन्यांकडे ती मूळ हमी संपेपर्यंत घेता येते, एवढी खात्री करून घेतली की पुरे.

तक्रार उद्भवलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचे दार खुले असते. तेथे तोंडी आश्वासनाला फारसे मोल मिळत नाही. त्यासाठी गाडीच्या किल्लीसोबत चार कागद जपून ठेवावेत : सहीशिक्क्याचे दरपत्रक, कर वेगळा दाखवणारे बिल, वाहतूक खात्याची पावती आणि विम्याचे पत्र. वितरणाच्या दिवशी गाडीला हार घालण्याआधी दहा मिनिटे काढून या चारही कागदांवरील आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. ते जुळले, तर मोजलेला भाव रास्त आहे असे समजावे.